छोट्या पिकअपने बोट ओढायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोटी पिकअप असलेले आणि बोट घेतलेले, किंवा घेऊ पाहणारे लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. आधी मूलभूत प्रश्न आहेत, पुढे अपवाद. एक गोष्ट बऱ्याच उत्तरांत भेटेल: सपाट रस्त्यावर बोट ओढायला छोटी पिकअप सहसा कमी पडत नाही. ती कमी पडते थांबताना, मागच्या ॲक्सलवर वजन पेलताना आणि ओल्या रॅम्पवरून, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावरून, वर येताना.

१. माझी पिकअप छोटी आहे. तिने बोट ओढता येईल का?

बहुतेकदा येते, पण कोणती बोट ते आधी ठरवावं लागतं. फोर्ड मॅव्हरिकची टो क्षमता (मागे ओढता येणारं कमाल वजन) साध्या रूपात ९०७ किलो आहे आणि टोइंग पॅकेजसह १,८१४ किलो. ह्युंदाई सांताक्रूझ साध्या इंजिनावर १,५८८ किलो ओढते, टर्बो इंजिनावर २,२६८ किलो. दिसायला सारख्याच असलेल्या दोन गाड्यांत एवढा फरक असतो, म्हणून ओळखीच्या कुणाची गाडी काय ओढते यावरून अंदाज बांधू नका. आपल्या गाडीचं मॅन्युअल आणि दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा.

टोइंग पॅकेज म्हणजे नुसती मागची हिच (ट्रेलर अडकवायची जोडणी) नव्हे. मॅव्हरिकच्या पॅकेजमध्ये गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवणारा कूलर, मोठा रेडिएटर फॅन आणि वेगळा फायनल ड्राइव्ह रेशो येतो. साध्या गाडीला बाहेरून दणकट हिच बसवली तरी ती क्षमता मिळत नाही.

ढोबळ अंदाज हवा असेल तर: चार-साडेचार मीटरची उघडी ॲल्युमिनियम बोट मोटर आणि ट्रेलरसकट ५०० ते ६०० किलोंच्या आसपास भरते. पाच-साडेपाच मीटरची फायबरग्लास बोट १,२०० ते १,५०० किलोंपर्यंत जाते. पहिली जवळपास कोणतीही छोटी पिकअप नेईल. दुसरीसाठी पुढची उत्तरं नीट वाचा.

२. बोटीच्या माहितीपत्रकात वजन ६५० किलो दिलंय. म्हणजे मला ६५० किलोच ओढायचेत ना?

नाही. सर्वांत जास्त फसगत इथेच होते. माहितीपत्रकातलं वजन बहुधा रिकाम्या सांगाड्याचं असतं. त्यात इंजिन धरलेलं नसतं, पेट्रोल नसतं, ट्रेलर तर नसतोच.

बेरीज करून पाहू. सांगाडा ६५० किलो. ११५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लटकणारं) इंजिन सुमारे १६५ किलो. ९० लिटर पेट्रोल, लिटरला साधारण ०.७४ किलो म्हणजे ६७ किलो. बॅटरी २२ किलो. नांगर, साखळी, दोर, लाइफ जॅकेट, गळ आणि बर्फाची पेटी मिळून ७० किलो. ट्रेलर ३०० किलो. एकूण १,२७४ किलो, माहितीपत्रकातल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट.

बोट विकत घेण्यापूर्वी ही बेरीज कागदावर करा. विक्रेत्याला विचारताना "वजन किती" एवढंच विचारू नका. "इंजिन, भरलेली टाकी आणि ट्रेलर धरून किती" असं विचारा.

३. खरं वजन मोजायचं कसं?

ट्रक जिथे तोलतात त्या वजनकाट्यावर. बोट नेहमीच्या प्रवासात असते तशी भरा: टाकी, सामान, सगळं. आधी पिकअप आणि ट्रेलर जोडलेल्या अवस्थेत एकत्र तोला. मग ट्रेलर सोडून फक्त पिकअप तोला, पण माणसं आणि सामान तेवढंच ठेवून. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ट्रेलर आणि बोटीचं एकूण वजन.

शक्य असेल तर ट्रेलर जोडलेला असताना पिकअपचा फक्त मागचा ॲक्सल काट्यावर ठेवून तिसरं माप घ्या. मागच्या ॲक्सलची मर्यादा दाराच्या स्टिकरवर असते, आणि छोट्या पिकअपमध्ये ती लवकर गाठली जाते.

४. कंपनीने दिलेला टो आकडा कितपत धरून चालावं?

ती कमाल मर्यादा आहे, रोजच्या वापराचं लक्ष्य नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक पिकअपचा आकडा एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ मानकानुसार ठरतो. त्यातली एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे: सुमारे १८ किलोमीटरचा सलग चढ, ३८ अंश सेल्सिअसची उष्णता आणि एसी पूर्ण चालू. दुसऱ्या चाचणीत गाडीला १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघता आलं पाहिजे, पुढे आणि रिव्हर्समध्येही, पाच मिनिटांत पाच-पाच वेळा.

चाचणी कठीण आहे यात शंका नाही. पण तिच्यात गाडीत माणसं दोनच धरतात, प्रत्येकी ६८ किलोंची. तुम्ही चौघं बसणार असाल तर तो आकडा तुमच्यासाठी तितकाच राहत नाही (प्रश्न ७ पाहा). आणि ती जागा कोरडी असते, शेवाळलेली नसते (प्रश्न १९ पाहा).

माझं मत असं की भरलेल्या ट्रेलरचं वजन टो क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावं. उंच डोंगराळ भागात जायचं असेल तर आणखी कमी. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटर उंचीमागे सुमारे ३ टक्क्यांनी घटते.

५. टंग वेट म्हणजे काय? किती असायला हवं?

ट्रेलरचं पुढचं टोक हिचच्या बॉलवर (ते ज्यावर बसतं त्या गोळ्यावर) जेवढं दाबतं ते टंग वेट. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, हा सर्वसाधारण नियम. बोटीच्या ट्रेलरसाठी काही उत्पादक ५ ते १० टक्केही चालतं म्हणतात, त्यामुळे ट्रेलरचं मॅन्युअल काय सांगतं ते आधी पाहा.

ते कमी पडलं की ट्रेलर वेगात डोलायला लागतो. बोटींमध्ये हा धोका जास्त, कारण सगळ्यांत जड वस्तू, म्हणजे आउटबोर्ड, अगदी मागच्या टोकाला लटकलेली असते. ते जास्त झालं की पिकअपची शेपटी खाली बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

६. टंग वेट घरी मोजता येतं का?

येतं. हलक्या ट्रेलरसाठी अंघोळीच्या खोलीतला साधा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जमिनीवर ठेवा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, आणि पुढचा जॅक काट्यावर टेकवून आकडा वाचा. कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड) प्रवासात असतो त्याच उंचीवर असला पाहिजे.

वजन काट्याच्या आवाक्याबाहेर असेल तर फळी घ्या. फळीचं एक टोक काट्यावर आणि दुसरं तेवढ्याच उंचीच्या विटेवर ठेवा. जॅक अशा जागी टेकवा की तो विटेपासून एक हिस्सा आणि काट्यापासून दोन हिस्से दूर असेल. काट्यावरच्या आकड्याला तीनने गुणा. फळीचं स्वतःचं वजन आधीच वजा करायला विसरू नका.

आकडा चुकीचा आला तर आधी बोटीतलं सामान पुढे-मागे हलवून पाहा. तेवढ्याने भागलं नाही तर विंचचा (बोट ट्रेलरवर ओढणाऱ्या चरख्याचा) खांब आणि बोटीचा पुढचा टेकू सरकवून बोटच थोडी पुढे किंवा मागे बसवता येते. मात्र बोट मागे सरकवली तर तिचा मागचा काठ टेकूंच्या बाहेर लोंबणार नाही हे बघा. इंजिनाचा भार तिथेच असतो. काही ट्रेलरचा ॲक्सलही सरकवता येतो, पण ते काम माहीतगाराकडून करून घ्या.

७. टो क्षमतेत बसतंय, तरी "पेलोड संपला" असं मेकॅनिक म्हणतो. हे कसं?

मेकॅनिक बरोबर सांगतो आहे. पेलोड म्हणजे गाडीच्या अंगावर एकूण किती वजन चालतं ते. त्यात माणसं, हौद्यातलं सामान, हौद्यावरचं झाकण किंवा कॅनोपी, हिच आणि टंग वेट हे सगळं येतं.

समजा पेलोड ६८० किलो आहे. चार मोठी माणसं ३२० किलो. हौद्यात तंबू, पाणी, जादा पेट्रोल आणि हत्यारं मिळून १५० किलो. कॅनोपी ७० किलो. हिच २० किलो. उरले १२० किलो. १,२७४ किलोंच्या ट्रेलरचं १० टक्के टंग वेट १२७ किलो होतं. टो क्षमता अजून भरपूर शिल्लक आहे, पण गाडीची पाठ भरली.

उपाय दोन: माणसं किंवा सामान दुसऱ्या गाडीतून पाठवा, नाहीतर जड सामान ट्रेलरच्या ॲक्सलच्या जरा पुढे, बोटीत ठेवा. दुसरा उपाय केलात तर टंग वेट पुन्हा मोजा.

८. हिच आणि बॉल कोणता घ्यायचा?

हिचवरच तिचे दोन आकडे लिहिलेले असतात: ओढायचं वजन आणि टंग वेट. अमेरिकी पद्धतीत क्लास १ म्हणजे ९०७ आणि ९१ किलो, क्लास २ म्हणजे १,५८८ आणि १५९ किलो. गाडी, हिच, बॉल माउंट, बॉल आणि कपलर यांच्यात ज्याचा आकडा सर्वांत लहान, तीच तुमची मर्यादा.

बॉलचा व्यास कपलरवर कोरलेल्या मापाशी तंतोतंत जुळायला हवा. ५० मिलिमीटर आणि २ इंच ही मापं सारखी वाटतात, पण २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. जुनी आयात केलेली बोट-ट्रेलर घेणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. कपलर लावून कुलूप बंद केल्यावर जॅकने ट्रेलरचं नाक थोडं वर उचला. पिकअपची मागची बाजूही वर उठली तर जोडणी पक्की. कपलर निसटला तर ते घराच्या अंगणात कळलं, रस्त्यावर नाही.

९. मागच्या बंपरवरच बॉल लावला तर?

बंपरवर वजनाची मर्यादा कोरलेली असेल तरच, आणि तेवढ्याच वजनाला. ती कोरलेली नसेल तर लावू नका.

१०. साखळ्या, केबल आणि दिव्यांचं काय?

दोन्ही सुरक्षा साखळ्या कपलरच्या खाली एकमेकींना छेदून लावा. कपलर सुटलाच तर ट्रेलरचं नाक जमिनीत न घुसता त्या झोळीत पडतं. साखळ्या वळणावर ताणल्या जाणार नाहीत इतक्या सैल आणि रस्त्याला घासणार नाहीत इतक्या आवळ हव्यात. ब्रेक असलेल्या ट्रेलरला वेगळी ब्रेकअवे केबल असते, ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी. ती साखळीला नाही, गाडीला अडकवायची.

दिव्यांची बहुतेक दुखणी अर्थच्या तारेत निघतात. एक इंडिकेटर लावला की दुसरंच काहीतरी मिणमिणतं, असं झालं तर बल्ब बदलण्याआधी अर्थचा जोड घासून साफ करा. पाण्यात उतरण्यापूर्वी प्लग काढून ठेवा. तापलेला बल्ब गार पाण्यात फुटतो. सीलबंद एलईडी दिवे लावले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

११. ट्रेलरला ब्रेक हवेतच का?

कायदा किती वजनापासून ब्रेक मागतो ते देशागणिक बदलतं (प्रश्न २४ पाहा). पण कायद्याच्या आधी गणित बघा. छोट्या पिकअपचं स्वतःचं वजन साधारण १,७०० किलो. तिच्या मागे बिनब्रेकचे १,२७४ किलो जोडले तर त्याच चार ब्रेकना पाऊणपट जास्त वजन थांबवायचं असतं. आणि वेग ८० वरून १०० केला की थांबवायची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते. छोट्या पिकअपच्या मागे ७०० किलोंच्या वर काहीही असेल तर कायदा मागो न मागो, ब्रेक लावा. इथे पैसे वाचवू नका.

बोटीच्या ट्रेलरला बहुधा सर्ज ब्रेक असतात. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलला जातो, कपलर आत दबतो आणि त्या दाबाने ट्रेलरचे हायड्रॉलिक ब्रेक लागतात. साधे इलेक्ट्रिक ब्रेक पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवले की लवकर खराब होतात, म्हणून बोटींना ही पद्धत बरी पडते.

१२. रिव्हर्स घेताना ट्रेलर अडकतो, चाकं लॉक होतात. काय बिघडलंय?

बहुधा काहीच नाही. सर्ज ब्रेकला गाडी थांबते आहे की मागे ढकलते आहे यातला फरक कळत नाही. चढावर मागे जाताना तर ते हमखास लागतात. नवीन ट्रेलरवर यासाठी सोलेनॉइड (विजेने चालणारी झडप) असतो. रिव्हर्स लाइटची वीज मिळाली की तो ब्रेकचं तेल अडवतो. त्यासाठी कनेक्टरमध्ये पाचवी तार लागते. तुमचा प्लग चारच पिनांचा असेल तर ती वीज तिथवर पोहोचतच नाही. जुन्या ट्रेलरवर कपलरमध्ये हाताने घालायची खीळ असते. ती रिव्हर्स झाल्यावर आठवणीने काढा, नाहीतर पुढचा सगळा प्रवास ट्रेलरला ब्रेक नसतील.

१३. वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डोलतो. तेव्हा काय करू?

ॲक्सिलरेटरवरून पाय उचला. स्टिअरिंग सरळ, घट्ट धरा. गाडीचे ब्रेक जोरात दाबू नका आणि डोलण्याच्या उलट दिशेला स्टिअरिंग फिरवून ते सावरायलाही जाऊ नका. दोन्हींमुळे झोका वाढतो. "वेग वाढवला की ट्रेलर सरळ होतो" हा सल्ला पुष्कळ लोक देतात. तो जिवावर बेतणारा आहे, कारण डोलणं वेगाबरोबर वाढतं.

वेग उतरल्यावर सुरक्षित जागी थांबा आणि कारण शोधा. पहिला संशय कमी टंग वेटवर घ्या (प्रश्न ५ आणि ६). मग टायरमधली हवा, विशेषतः पिकअपच्या मागच्या टायरची. मग बोटीच्या मागच्या भागात साचलेलं पाणी (प्रश्न २१). छोट्या पिकअपचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) आणि वजन दोन्ही कमी असल्याने मोठ्या ट्रकच्या मागे शांत चालणारा तोच ट्रेलर तिच्या मागे डोलू शकतो. बोट बदललेली नाही, म्हणून दोष नाही, असं समजू नका.

वजन विभागणारी हिच (टंग वेटचा भार गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटणारी) लावण्याआधी दोन मॅन्युअल वाचा: काही गाड्यांना ती चालत नाही, आणि सर्ज ब्रेकच्या कपलरशी प्रत्येक हिच जुळत नाही.

१४. किती वेगाने जावं? आणि घाटात?

८० ते ९० किलोमीटर. ट्रेलरसाठीच्या एसटी टायरची वेगमर्यादा, वेगळी लिहिलेली नसेल तर, सुमारे १०५ किलोमीटर धरतात. ती टायरची मर्यादा आहे, तुमच्या ब्रेकची नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून पेट्रोलचा फरकही लगेच जाणवतो.

टो मोड असेल तर तो लावा. चढावर गिअरबॉक्स वरचा-खालचा गिअर सारखा बदलत असेल तर हाताने एक गिअर खाली घ्या. गिअरबॉक्स तापतो तो याच धावपळीत. उतारावर चढाच्याच गिअरमध्ये उतरा आणि ब्रेक थोडा वेळ नीट दाबून पूर्ण सोडा. हलका पाय सतत ठेवला तर ब्रेक थंड व्हायला वाव मिळत नाही.

१५. बोटीच्या ट्रेलरची बेअरिंग इतक्या वेळा का जातात?

तासभर धावून हब (बेअरिंग असलेला चाकाचा मधला भाग) गरम झालेला असतो, आणि तसाच तो गार पाण्यात बुडवला जातो. आतली हवा आकसते, पोकळी तयार होते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस पांढरट, दुधाळ होतं, बेअरिंग गंजतं आणि पुढच्या लांबच्या प्रवासात चाक जाम होतं. खाऱ्या पाण्यात हे आणखी लवकर.

म्हणून रॅम्पवर पोहोचल्यावर लगेच पाण्यात उतरू नका. बोट तयार करायचं काम आधी करा (प्रश्न १८), तोवर हब निवतात. स्प्रिंगच्या दाबाने ग्रीस भरलेलं ठेवणाऱ्या बेअरिंग प्रोटेक्टर टोप्या लावा. पण त्यात ग्रीस गच्च कोंबू नका, मागचं सील फुटतं. वर्षातून एकदा बेअरिंग उघडून, धुऊन, मरीन ग्रीस भरून बसवा.

प्रवासात प्रत्येक थांब्यावर हबजवळ हात न्या. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका. ग्रीस भरलेला तयार हब आणि तो बदलायची हत्यारं सोबत असली की रस्त्याच्या कडेला अर्ध्या दिवसाचा खोळंबा टळतो.

१६. ट्रेलरचे टायर नवीन दिसतात. तरी बदलायला सांगतात, का?

ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. वर्षातले बरेच महिने उन्हात एका जागी उभे राहून रबर कडक होतं. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी पूर्ण असली तरी बदला. हवा ट्रेलरच्या फलकावर दिली असेल तेवढी ठेवा. एसटी टायरमध्ये बहुधा टायरवर लिहिलेली कमाल हवाच लागते. ती टायर थंड असताना तपासा. आणि स्पेअर चाक घ्याच. पिकअपचं स्पेअर ट्रेलरला क्वचितच बसतं.

१७. विंचचा पट्टा लावलाय, बोट घट्ट आहे. अजून काही बांधायला हवं का?

हो. विंच बोट ट्रेलरवर ओढायला आहे, प्रवासात धरून ठेवायला नाही. पुढे वेगळी साखळी किंवा पट्टा आणि मागे दोन्ही कोपऱ्यांतून ट्रेलरच्या चौकटीला दोन पट्टे लागतात. आउटबोर्ड वर उचलून आधार दांडीवर टेकवा, नाहीतर खड्ड्यांचे सगळे हादरे त्याच्या हायड्रॉलिक्सवर आणि बोटीच्या मागच्या फळीवर येतात. फडफडणारं कव्हर प्रवासात काढून ठेवा.

१८. रॅम्पवर बोट उतरवायची नीट पद्धत कोणती?

तयारी रॅम्पवर करायची नाही, बाजूच्या मोकळ्या जागेत करायची. तळातलं पाणी काढायच्या भोकाचं बूच लावा. बुचाशिवाय उतरवलेल्या बोटी दर मोसमात बुडतात. सामान चढवा, मागचे पट्टे सोडा, दिव्यांचा प्लग काढा, दोर बांधून ठेवा. पुढची साखळी आणि विंच तशीच ठेवा. रोलरच्या ट्रेलरवरून ती सुटली तर बोट पाणी लागण्याआधीच काँक्रीटवर घसरते.

रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलर वळतो. छोटा ट्रेलर झटकन वळतो, म्हणून अगदी थोडं फिरवा, आणि तिरका झाला की अट्टहास न करता पुढे घेऊन सरळ करा. बोटीची मागची बाजू तरंगू लागली की थांबा. आधी ब्रेक दाबून हँडब्रेक लावा, मग गिअर पार्कमध्ये टाका. क्रम उलटा झाला तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिळीवर येतो. चाकाला ठोकळा लावूनच साखळी सोडायला जा.

परत येताना बोट इंजिनाच्या जोरावर ट्रेलरवर चढवू नका. पंख्याच्या झोताने रॅम्पच्या टोकाखालची माती उडून खड्डा पडतो आणि नंतर कुणाच्या तरी ट्रेलरची चाकं त्यात अडकतात. बाहेर आल्यावर बूच काढा, पाणी निथळू द्या, झाडपाला आणि शिंपले काढून टाका. झेब्रा शिंपल्यांसारखे आगंतुक जीव एका तलावातून दुसऱ्यात असेच जातात.

१९. रॅम्पवर बोट बाहेर काढताना चाकं नुसती फिरतात. गाडी कमी ताकदीची आहे का?

ताकद पुरेशी असते, पकड पुरत नाही. रॅम्प साधारण १२ ते १५ टक्के उताराचे बांधतात. १५ टक्क्यांवर १,७०० किलोंची गाडी आणि १,२७४ किलोंचा ट्रेलर वर काढायला चाकांना सुमारे ४५० किलोंचा जोर जमिनीवर द्यावा लागतो. फ्रंट-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये सपाटीवर पुढच्या चाकांवर अंदाजे हजार किलो असतात. चढावर, आणि टंग वेटने शेपटी दबल्यावर, ते नऊशेपर्यंत उतरतात. ओल्या काँक्रीटवर त्याच्या निम्मा जोर मिळतो, म्हणजे जेमतेम ४५०. शेवाळावर तिसरा हिस्साही मिळत नाही. रिअर-व्हील ड्राइव्ह थोडी बरी, पण रिकाम्या हौद्याने तीही घसरते. चारही चाकांना जोर मिळाला तर उपलब्ध पकड जवळजवळ दुप्पट होते. छोट्या पिकअपने नेहमी बोट न्यायची असेल तर टर्बोपेक्षा ऑल-व्हील ड्राइव्हवर पैसे घालवा असं मी म्हणेन.

अडकलात तर ॲक्सिलरेटर दाबून चाकं फिरवत राहू नका. रबर तापून आणखी घसरतं. रिअर-व्हील ड्राइव्ह असेल तर हौद्यात दोन माणसांचं वजन टाकून उपयोग होतो, पण माणसं चढवू नका, पाण्याचे डबे ठेवा. फ्रंट-व्हील ड्राइव्हमध्ये मागे वजन टाकून उलट नुकसान होतं. बोट पुन्हा पाण्यात सोडून रिकामा ट्रेलर वर घ्या आणि शेवाळ नसलेली बाजू निवडा. भरती-ओहोटीच्या जागी भरतीची वाट पाहा. शेवाळ खालच्या पट्ट्यात असतं.

२०. पिकअपची मागची चाकं पाण्यात गेली तर चालेल का?

टेकताहेत तोवर ठीक, हबपर्यंत नको. बेअरिंगसारखंच तापलेल्या मागच्या डिफरन्शियललाही पाणी ओढायची सवय असते, ते त्याच्या हवेच्या नळीतून शिरतं. एवढं आत जावं लागत असेल तर ट्रेलरची दांडी लांबवता येते का ते बघा.

२१. टाकी भरून न्यावी की रिकामी? बोटीत साचलेल्या पाण्याने काय बिघडतं?

वजन काठावर असेल तर टाकी रिकामी ठेवून पाण्याजवळ भरा. टाकी मागे असेल तर टंग वेटही सुधारतं. जिवंत मासे ठेवायची टाकी आणि तळातलं पाणी मात्र नेहमी काढा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि तेही स्थिर नाही. चढावर ते मागे धावतं आणि टंग वेट नेमकं नको तेव्हा कमी करतं.

२२. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक पिकअपने जमेल का?

टो क्षमता दिलेली असेल तर जमेल. इलेक्ट्रिक गाडीची रेंज मोठी बोट ओढताना निम्म्यापर्यंत येऊ शकते, आणि बऱ्याच चार्जिंग जागांवर ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी लागत नाही. थांबे त्या हिशेबाने ठरवा.

२३. बोट हौद्यातच घालून नेली तर ट्रेलरची कटकट वाचेल?

साडेतीन मीटरपर्यंतच्या हलक्या ॲल्युमिनियम किंवा हवा भरायच्या बोटीसाठी चांगला उपाय. छोट्या पिकअपचा हौदा सुमारे १.४ मीटरचा असतो, म्हणून मागे हिचमध्ये बसणारा टेकू लागतो. बाहेर आलेल्या टोकाला लाल कापड किंवा दिवा लावा. वजन पेलोडमध्ये धरा.

२४. वेगळं लायसन्स लागतं का?

देशावर अवलंबून. युरोपीय संघात साध्या बी लायसन्सवर ७५० किलोंपर्यंतचा ट्रेलर चालतो. त्याहून मोठा असेल तर गाडी-ट्रेलरचं मिळून कमाल अनुज्ञेय वजन ३,५०० किलोंच्या आत हवं. ग्रेट ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून कार लायसन्सवर ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. बिनब्रेकच्या ट्रेलरला या दोन्ही ठिकाणी आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोंची मर्यादा आहे. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे आहेत, बऱ्याच राज्यांत सुमारे १,३६० किलोंपासून ब्रेक सक्तीचे. बोटीची रुंदीही तपासा: युरोपात २.५५ मीटर, अमेरिकेत साधारण २.६ मीटर.

२५. बोट क्षमतेपेक्षा थोडी जड आहे, पण रॅम्प घरापासून दोनच किलोमीटर आहे. एवढ्यासाठी चालेल ना?

नाही. अंतर कमी असल्याने गिअरबॉक्स तापणार नाही, एवढंच. संपूर्ण प्रवासातला सगळ्यांत कठीण भाग, म्हणजे ओला चढ, त्या दोन किलोमीटरांच्या शेवटीच आहे, आणि तिथे बोट पाण्यातून निथळत, आणखी जड होऊन वर येते. हिच, ब्रेक आणि हँडब्रेक यांना अंतराशी देणंघेणं नसतं. शिवाय अपघात झाला तर मर्यादेबाहेरच्या वजनाचं कारण देऊन विमा कंपनी दावा नाकारू शकते.

अशा बोटीसाठी तीन मार्ग आहेत. मोसमाच्या सुरुवातीला आणि शेवटी मोठी गाडी भाड्याने घेऊन बोट एकदा पाण्यात सोडा आणि एकदा काढा, मधले महिने ती धक्क्याला बांधून ठेवा. किंवा बोट रॅम्पजवळच्या यार्डात ठेवा, जिथे ती यार्डाच्या ट्रॅक्टरने उतरवून देतात. किंवा ट्रेलर बदला: स्टीलच्या जागी ॲल्युमिनियमचा ट्रेलर घेतला तर पुष्कळ किलो कमी होतात, आणि जरा जास्तीची बोट तेवढ्याने मर्यादेत येऊ शकते. घेण्याआधी प्रश्न २ मधली बेरीज नव्या आकड्यांनी पुन्हा करा.